बडोद्यात राहून समुद्रात पोहायचा सराव कसा करायचा? (पहिली ट्रायथलॉन)

दांडियाबाजारकर:
वय 46, बँकेत नोकरी. फेब्रुवारीत कोकणात स्प्रिंट ट्रायथलॉन आहे: 750 मीटर समुद्रात पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी धावणं. आम्ही नऊ जण डायलिसिसच्या निधीसाठी उतरतोय, प्रत्येकाने 20,000 रुपये जमवायचे. बाबांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. बाहेरच्या बाकावर बसून इतरांची पैशांची ओढाताण कानावर पडायची. त्यामुळे गटाचा मेसेज आला तेव्हा विचार न करता नाव देऊन टाकलं. पोहण्याचं नंतर लक्षात आलं.

सायकलची चिंता नाही. रविवारी पहाटे शहराबाहेरच्या आजवा तलावापर्यंत जाऊन येते, परतताना शेवउसळ. कमाटीबागेत पाच किलोमीटर रडतखडत का होईना, धावून होतात. पोहणं मात्र शाळेच्या सुट्टीत शिकलेलं, डोकं वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हातपाय मारत). आमचा तलाव 25 मीटरचा, म्हणजे 30 लांब्या. होतात, पण दर दोन लांब्यांनी भिंत धरते. समुद्रात भिंत कुठून आणू?

आणि कृपया "नदीत सराव करा" असं सांगू नका. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत. 2024च्या ऑगस्टच्या पुरात त्या वस्तीत आल्या होत्या. आजव्यातही आहेतच.

गटाचा कप्तान म्हणतो, रिलेत ये, तू फक्त सायकल चालव. पण मामेसासूबाईंनी 501 रुपये देऊन सांगितलंय, "समुद्रातून बाहेर आलीस की उरलेले देईन." आता काय करू?

चेन_उतरली:
ताई, मगरी मागे लागल्या तर वेळ चांगली येईल :)
गंमत सोडा. सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावायचा सराव आठवड्यातून एकदा तरी करा. पहिल्यांदा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, ते स्पर्धेच्या दिवशी कळू नये. आणि ट्रान्झिशनमध्ये (पोहून आल्यावर सायकल घ्यायची ती जागा) आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. उलट केलंत तर पंच दंड करतात. माझ्या पहिल्या स्पर्धेत मला झालाय.

खाडीकाठची:
मी रत्नागिरीकडची, समुद्र अंगणात. दम पोहून लागत नाही हो, श्वास धरून ठेवल्याने लागतो. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहा, वर आल्यावर फक्त आत घ्या. डोकं वर ठेवलं की पाय खाली जातात आणि अंग ओढत न्यावं लागतं. आधी एवढंच सुधारा.

भिंतीचं म्हणाल तर तलावातच ती "काढून टाका". दोन हात आधीच वळा, स्पर्श करू नका. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे डोळेच तेवढे वर काढून समोरची खूण बघायची सवय करा. समुद्रात तळाची रेघ नसते, माणूस सरळ जातोय असं समजून तिरका जातो.

ब्रेस्ट चालतो, कोणी हरकत घेत नाही. थकलात तर बचाव पथकाची होडी किंवा कयाक धरून थांबता येतं, फक्त तिने तुम्हाला पुढे न्यायचं नाही. पाठीवर उताणं पडून राहायलाही शिका. खारं पाणी तलावापेक्षा जास्त उचलून धरतं. सुरुवातीला घोळक्यात शिरू नका, पन्नास जण पुढे जाऊ द्या. आणि दोन दिवस आधी या. ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन, भरती-ओहोटी विचारून, पाण्यात उतरून बघा. एकट्याने नाही.

नुसताच_वाचक:
एक शंका. स्पर्धेची फी, प्रवास, राहणं, हे सगळे पैसे सरळ डायलिसिसला दिले तर?

दांडियाबाजारकर:
@नुसताच_वाचक: ते तिन्ही खर्च प्रत्येकाच्या खिशातले, निधीतून एक रुपया नाही. तुमचं म्हणणं हिशेबाला बरोबर आहे. पण नुसते मागितले असते तर आमच्या वाड्यातून दोन हजारही जमले नसते. "तू? समुद्रात?" असं म्हणून हसले आणि हसता हसता दिले. आत्तापर्यंत 13,400 झालेत. अर्धे तरी मी बुडते का बघायला दिलेत असा माझा संशय आहे.

@खाडीकाठची: ताई, बुडबुड्यांनी फरक पडला! पहिले चार दिवस नाकात पाणी, खोकला, शेजारच्या लेनमधल्या काकूंचा उपदेश. शनिवारी भिंतीला हात न लावता सलग 14 लांब्या. पंधराव्याला धरली, पण दमून नाही, घाबरून. मधल्या खोल भागात तळ दिसेनासा झाला आणि हात आपोआप गेला.

अजून एक. माझा नंबर उणे चार. चष्म्याशिवाय समुद्रातला तो नारिंगी बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसेल का?

खाडीकाठची:
नंबरचे गॉगल मिळतात, आजच घ्या. नवे गॉगल स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, पाणी शिरतं. आणि खोल भागातच सराव करा, उथळात नाही.

दांडियाबाजारकर:
घेते. कप्तानाला "रिले नको" असं आत्ताच कळवलं. मामेसासूबाईंना नाही सांगितलं.