मक्याच्या मुलखातल्या कविता कुठून सुरू करू?

डीमॉइनकर:
अमेरिकेतल्या आयोवा राज्यात येऊन चार वर्षं झाली. ऑफिसच्या वाटेवर दोन्हीकडे नुसता मका नाहीतर सोयाबीन. ऑक्टोबरात रात्री दहालाही शेतात कापणीच्या कम्बाइन यंत्रांचे दिवे फिरतात, धूळ पार गाडीच्या काचेवर. माणूस मात्र दिसत नाही. मी लातूरकडचा, त्यामुळे सोयाबीन दिसलं की जीव गुंततो. या शेतकऱ्यांवर कुणी कविता लिहिल्यात का? सूर्यास्त छाप नकोत.

रिकामा_सायलो:
टेड कूझर वाचा. जन्म तुमच्याच आयोवातल्या एम्सचा (१९३९), पण राहिला नेब्रास्कात. विमा कंपनीत नोकरी आणि पहाटे उठून कविता. २००४ ते २००६ अमेरिकेचा राजकवी, २००५ साली पुलित्झर पुरस्कार. ओसाड शेतघरावरची त्याची कविता आधी घ्या. घरातली माणसं गेलीत, वस्तूच बोलतात. फुटक्या बश्यांच्या ढिगावर मोठ्या मापाचे बूट. ट्रॅक्टरच्या टायरात पोरासाठी वाळू. तळघरातल्या टोमॅटोच्या बरण्या सांगतात, पैशाची चणचण होती. रडारड कुठेच नाही.

कणीस:
जेम्स हर्स्टही बघा. सीडर फॉल्सजवळचा, घरचीच शेती. १९१९ साली नदीत सूर मारताना मानेला मार लागून अधू झाला, तरी शेती आणि लिहिणं सोडलं नाही. मला तर कूझरपेक्षा हाच जवळचा वाटतो. हाताला माती लागलेली कळते हो.

डीमॉइनकर:
काल कूझर वाचला. त्या बरण्यांपाशीच अडकलो. गावी आमच्या बंद घरात फडताळावर लोणच्याची चिनी बरणी अजून तशीच आहे, दादरा बांधलेली. हर्स्ट शनिवारी लायब्ररीत शोधतो.