मदत हवी आहे: मुलगा सगळे आकडे उलटे लिहायलाय, परवा चाचणी आहे

मोंढ्याजवळची (परभणी), सोमवार, रात्री ९.१०
इथं कुणी मास्तर किंवा बाई असतील तर लवकर सांगा. मुलगा आकडे उलटे लिहायलाय. रोज दोन-दोन तास गृहपाठाला बसायलोत आम्ही, शेवटी तोही रडतो अन् मीही. आज खोडरबर इतका घासला की वहीचा कागदच फाटला. बाईंनी खाली लाल पेननं ‘सराव घ्यावा’ लिहून दिलंय. सराव तर घ्यायलेच की! एकेक आकडा पन्नास वेळा लिहून घेतला, तरी दुसऱ्या दिवशी तेच. परवा चाचणी आहे. मोबाइल बंद करा असं सांगू नका, आमच्यात मोबाइल त्याच्या हातात देतच नाहीत.

काळी माती (जालना), ९.१८
ताई, कितवीत आहे ते लिहिलंच नाही. आणि उलटे म्हणजे कसे? आरशात दिसावा तसा आकडा फिरवतो, की दोन आकड्यांची अदलाबदल करतो? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

गणितवर्ग (नांदेड), ९.२५
अबॅकस लावा. माझ्या पुतणीला पहिलीत लावलं होतं, आज चौथीत आहे आणि तीन अंकी बेरीज तोंडी सांगते. सहा महिन्यांत फरक दिसेल.

मोंढ्याजवळची, ९.२९
सहा महिने? परवा चाचणी आहे हो दादा.

आईबाबा२ (छत्रपती संभाजीनगर), ९.३४
मुळात लहान मुलांना दोन तास गृहपाठ देणंच चूक आहे. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण वाचा. दुसरीपर्यंत गृहपाठच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.

काळी माती, ९.३८
धोरण बरोबर आहे, पण परवाच्या चाचणीला ते काय कामाचं? ताई, इयत्ता सांगा आधी.

मोंढ्याजवळची, ९.४५
दुसरीत आहे. धोरण बिरोण घेऊन मी शाळेत जाणार नाही, बाई चांगल्या आहेत. ह्या बघा आजच्या चुका. मी तोंडी सांगितलं, त्यानं अंकात लिहिलं:
त्रेसष्ट – ३६
सत्तेचाळीस – ७४
पंचवीस – ५२
चौदा – ४१
एकोणसाठ – ६१
आणि तीस, चाळीस, सत्तर हे बरोबर!

मूळचा लातूरचा (पुणे), ९.५२
हे डिसकॅल्क्युलियाचं, म्हणजे आकडे-गणित शिकण्यातल्या अक्षमतेचं लक्षण असू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगतेची यादी आहे, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. दहावीला सवलती मिळतात. आत्ताच तपासणी करून घ्या, उशीर झाला तर मूलच भोगतं.

मोंढ्याजवळची, ९.५५
अहो असं नका लिहू, माझे हातपाय गळाले वाचून.

खडू-फळा (हिंगोली), १०.०५
ताई, घाबरू नका. मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. चुकांची यादी टाकलीत ते फार बरं केलंत. ती नीट वाचा. लेकरू जसं ऐकतंय तसंच लिहितंय! ‘त्रेसष्ट’मध्ये आधी ‘त्रे’ ऐकू येतं, मग ‘सष्ट’. म्हणून आधी ३, मग ६. ‘सत्तेचाळीस’मध्ये आधी सात, मग चाळीस. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. तीस, चाळीस, सत्तरला एककच नाही, म्हणून तिथं तो चुकत नाही. कान एकदम नीट आहे त्याचा.
दोन गोष्टी विचारते. तो लिहिताना पेन्सिलीकडं बघा, आधी कोणता आकडा टेकवतो? आणि गेल्या वर्षी कुठल्या शाळेत होता?

निवृत्त गुरुजी (सेलू), १०.११
आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता. पहाटे उठवून एक ते शंभर मोठ्याने म्हणवून घ्यायचं, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. औटकीपर्यंत पाठ असायची, साडेतीनच्या पटी झरझर. मी ३४ वर्षं असंच शिकवलं. पाठांतर सोडलं तिथंच गणित गेलं.

खडू-फळा, १०.१७
गुरुजी, मान ठेवूनच बोलते. ओळीनं म्हटल्यानं नावं तोंडात बसतात, ते हवंच. पण त्रेसष्टच्या आधी बासष्ट आहे हे ज्याला पाठ आहे, त्याला मधूनच ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की तोही ३६ लिहितो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं निघतात. घोकलेलं तोंडाला येतं, हाताला येत नाही.

निवृत्त गुरुजी, १०.२२
पाटीवर लिहीत लिहीत म्हणवून घेतलं तर हातालाही येतं. आम्ही पाटीवरच घेत होतो.

देगलूरकडचा, १०.३०
आमच्या घरी आजी तेलुगू बोलते. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस मग पाच. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, तेही तसंच. मी लहानपणी मराठी शाळेत हीच चूक करायचो आणि मार खायचो. आजी म्हणायची, तुमच्या मराठीत माणूस आधी सुट्टे मोजतो आणि मग नोटा.

मूळचा लातूरचा, १०.३६
म्हणूनच २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन, सत्तर तीन अशी पद्धत आणली होती. मंगला नारळीकर बाई समितीच्या प्रमुख होत्या. सगळ्यांनी आरडाओरडा केला, पण मुद्दा हाच होता. जुनी नावं पुस्तकातून काढलीही नव्हती, दोन्ही दिली होती.

निवृत्त गुरुजी, १०.४१
मोंढ्यात जाऊन ‘सत्तर तीन’ म्हणून बघा. तूर घेणारा अडत्या तुमच्याकडं बघतच राहील. लेकरं बाजारात, घरात, एसटीत त्र्याहत्तरच ऐकणार. भाषा वाकवून गणित सोपं करू नये. आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. उर्दूतही पच्चीस, तिरसठ, एकक आधीच. त्यांचं काही अडलं नाही.

मूळचा लातूरचा, १०.४४
अडलं नाही त्यांचं आपण ऐकतो गुरुजी. ज्यांचं अडलं ते शाळा सोडून ढोरांमागं गेले, त्यांचं कोण सांगणार?

मोंढ्याजवळची, १०.५२
तुमचं चालू द्या, पण मॅडमनी विचारलेलं सांगते. आत्ता उठवून एक आकडा लिहायला लावला, झोपेतच होता. सत्तेचाळीस म्हटलं. आधी ७ लिहिला अन् लगेच त्याच्या उजवीकडं ४. मॅडम म्हणतात अगदी तसंच.
आणि गेल्या वर्षी तो इंग्लिश स्कूलला होता. कापसाला भाव लागला नाही, फी झेपंना, म्हणून यंदा जूनपासून मराठी शाळेत घातला. ह्याचा काही संबंध आहे का?

काळी माती, १०.५५
ताई!! हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं.

खडू-फळा, ११.०८
झोपू द्या त्याला आता. संबंध आहे, मोठाच आहे. ‘फॉर्टी सेव्हन’ म्हटलं की आधी चार मग सात, ऐकलं तसं लिहिलं की बरोबर येतं. वर्षभर तीच सवय लागली. (इंग्रजीतही थर्टीन ते नाइन्टीन उलटंच आहे, तिथं त्यानं गेल्या वर्षीही चुका केल्या असतील.) आता नावं मराठी झाली, सवय तीच राहिली.

दुसरं म्हणजे अंकांचा आकार. आपला १ त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. वहीत अशा चुका सापडतात का बघा, त्या ‘उलट्या’त धरू नका.

आता उद्याचं. पन्नास वेळा लिहून घेणं बंद करा, चुकीचंच पक्कं होतंय. घरात दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी असतील ती काढा. त्याला फक्त म्हणा, ‘सत्तेचाळीस रुपये दे.’ नोटा डावीकडं, नाणी उजवीकडं मांडायची. मांडून झाल्यावर त्याच्याच खाली कागद ठेवून आकडा लिहायचा. नोटा किती, नाणी किती. एवढंच.

लिहिताना एक नियम: शब्द पूर्ण संपेपर्यंत पेन्सिल खाली. शब्दाची शेपटी ऐकायची आणि शेपटीचा आकडा आधी लिहायचा. मात्र मराठीत शेपट्या बदलतात, आणि इंग्लिश स्कूलमधून आलेल्या लेकराला ते कुणी सांगितलेलं नसतं. पन्नासचं ‘वन्न’ नाहीतर ‘पन्न’ होतं: बावन्न, त्रेपन्न. साठचं ‘सष्ट’: बासष्ट, त्रेसष्ट. सत्तरचं ‘हत्तर’: बाहत्तर, त्र्याहत्तर. नव्वदचं ‘ण्णव’: ब्याण्णव, त्र्याण्णव. ‘हत्तर’ म्हणजे सत्तर हे त्याला सांगितल्याशिवाय कसं कळणार? एका कागदावर ह्या शेपट्या आणि पुढं दशक लिहून भिंतीला चिकटवा.

एकोणसाठचं ६१ ही वेगळी चूक आहे. त्याला ‘एक’ आणि ‘साठ’ ऐकू येतंय, म्हणून एकसष्ट. एकोण म्हणजे एक उणा. साठ रुपये मांडायला लावा, एक काढून घ्या, उरले किती मोजू द्या. पण हे चाचणीनंतर घ्या, उद्या एकदम सगळं कोंबू नका.

मूळचा लातूरचा, ११.१५
मॅडम, तपासणीचं काय मग?

खडू-फळा, ११.२१
दादा, तुमची काळजी खोटी नाही. खरंच अडचण असलेली मुलं वर्गात असतात आणि त्यांच्याकडं दुर्लक्ष होतं. पण जूनमध्ये भाषा बदललेल्या सात वर्षांच्या लेकराला आधी दोन-तीन महिने नीट शिकवून बघावं. नोटा मांडतानाच चुकायला लागला, सहा नोटा जास्त की तीन जास्त हेच कळेना झालं, तर मी स्वतः सांगेन तपासणी करा म्हणून.

तयारी नवोदयची (बीड), ११.४०
ताई, आत्तापासूनच नवोदयच्या दृष्टीने पाया पक्का करा. पाचवीत असताना परीक्षा असते, सहावीला प्रवेश. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण, आणि मराठीतून देता येते. बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणं-खाणं सगळं मोफत. माझा मुलगा यंदा बसतोय.

मोंढ्याजवळची, मंगळवार, रात्री ८.५०
आज बसवलं त्याला. घरात दहाच्या नोटा सहाच निघाल्या, शेजारच्या किराणा दुकानातून अजून चार आणि वीस रुपयांची चिल्लर आणली. दुकानदारानं विचारलं कशाला, सांगितलं तर त्यानं नवीन करकरीत नोटा दिल्या.
त्रेसष्ट रुपये दे म्हटलं. एका झटक्यात सहा नोटा, तीन नाणी. मी तर बघतच राहिले. मग खाली लिही म्हटलं तर लिहिलं ३६. मी काहीच बोलले नाही. त्यानं नोटांकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, अन् स्वतःच म्हणाला, ‘आई, नोटा तर सहा हायेत.’ अन् खोडलं. हळूच खोडलं, कागद फाटला नाही.
एवढे दिवस मी त्याला ‘डोकं कुठं असतं तुझं’ म्हणत होते. ते आठवून दुपारपासून जीव नुसता तुटायलाय.

खडू-फळा, ९.०५
सगळ्याच आया म्हणतात, आम्ही बायापण म्हणतो कधीकधी. आता म्हणू नका म्हणजे झालं. शाळेत बाईंनाही सांगा की गेल्या वर्षी इंग्रजी माध्यम होतं. त्यांना माहीत नसेल तर त्यांच्या डोळ्यांसमोर हे येणारच नाही.

निवृत्त गुरुजी, ९.२०
नोटांची युक्ती चांगली आहे. आमच्याकडे चिंचोके आणि तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या असायच्या, तत्त्व तेच. मात्र रोज एकदा ओळीनं म्हणवून घेणं सोडू नका, बाई. नावंच पाठ नसतील तर शेपटी कुठून ऐकणार?

खडू-फळा, ९.२६
हे मात्र शंभर टक्के खरं गुरुजी.

आईबाबा२, ९.३१
तरीही मी म्हणेन, दुसरीच्या मुलाला लेखी गृहपाठ नकोच. असे पैसे मोजणं, भाजीचा हिशेब, हाच गृहपाठ असावा.

मोंढ्याजवळची, गुरुवार, संध्याकाळी ६.३०
चाचणीत २० पैकी १३ आले. मागच्या वेळी ६ होते. चुकलेल्या सातपैकी चार एकोणवाले, दोन ठिकाणी नऊच्या जागी १ लिहिलाय (मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच), अन् एक नुसता सोडून दिलेला. बाईंना गेल्या वर्षीचं सांगितलं. त्या म्हणाल्या दाखल्यावर शाळेचं नाव होतं, पण माध्यमाकडं लक्षच गेलं नव्हतं. आता त्यांनीही वर्गात खेळण्यातल्या नोटा आणायचं ठरवलंय.
आज एकोण घ्यायला बसले. तीस मांडले, एक काढला, एकोणतीस. चाळीसमधून एक, एकोणचाळीस. असं करत एकोणनव्वदपर्यंत बरोबर आला. मग शंभर मांडले, एक काढला अन् मोठ्यानं म्हणाला, ‘एकोणशंभर!’
मी म्हटलं, नाही रे, नव्व्याण्णव. तर रुसून बसलाय. म्हणतो सगळीकडं एकोण, मग इथंच का नाही? उद्या बाईंना विचारणार आहे म्हणे.