ऑडॅसिटीवर हँगर नव्हतं, मग विमानांची देखभाल कुठे?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या ‘एचएमएस ऑडॅसिटी’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर विमानं खाली हँगरमध्ये, म्हणजे ती ठेवायच्या बंदिस्त जागेत, न्यायची सोयच नव्हती, तर दुरुस्ती कुठे व्हायची?

प्रतिसाद १: उघड्या डेकवर. पकडलेल्या ‘हानोव्हर’ या जर्मन मालवाहू जहाजावर नुसता डेक चढवला होता. मार्टलेट ही लढाऊ विमानं मागच्या टोकाला बांधलेली असत. एखादं उतरायचं तर बाकीची पुढे ढकला. खारट पाण्याचा मारा वेगळाच.

प्रतिसाद २: तरी डिसेंबर १९४१ मध्ये एचजी-७६ या व्यापारी जहाजांच्या ताफ्यावर घिरट्या घालणारी कॉन्डोर (जर्मन टेहळणी विमान) ऑडॅसिटीच्याच मार्टलेटनी पाडली.

प्रतिसाद ३: आणि त्याच ताफ्याच्या प्रवासात, २१ डिसेंबरच्या रात्री ऑडॅसिटी बुडाली. ताफ्याच्या संरक्षक जहाजांचा प्रमुख वॉकर याचा विरोध असूनही ती ताफ्याबाहेर गेली. एका व्यापारी जहाजाने प्रकाशगोळा उडवला, आकृती उठून दिसली, यू-७५१ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडले. पहिलाच इंजिनरूममध्ये बसला.