शाळेच्या भिंतीवर ‘2700 लिटर’ : फॅशनचित्रांनी गावाला नेमके काय शिकवायचे आहे?

कोरडवाहू (समुद्रपूर तालुका)

परवा एका फॅशन डिझाइनच्या विद्यार्थिनीने या चर्चामंचावर मोठ्या उत्साहाने लिहिले की, त्यांच्या चमूने आमच्या पट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेची भिंत ‘शाश्वत फॅशन’ या विषयावरील चित्रांनी रंगवली. सोबत छायाचित्रे होती. उंच, सडपातळ तरुणी, अंगात पांढरा टी-शर्ट, त्या टी-शर्टातून वाहणारी निळी नदी आणि खाली मजकूर : ‘एका सुती टी-शर्टसाठी 2700 लिटर पाणी खर्च होते. गरज असेल तरच घ्या.’ ‘ग्रामीण महिलांमध्ये जाणीव निर्माण झाल्याचे समाधान आहे’ हे शेवटचे वाक्य वाचून मला राहवले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्या शाळेच्या पाठीमागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी आहे, तिच्या भिंतीवर हे वाक्य लिहिताना एकालाही मागे वळून पाहावेसे वाटले नाही काय? आमच्याकडचा बहुतांश कापूस पावसाच्या भरवशावर आहे. मृग बरसला तर पेरणी, त्याने दगा दिला तर दुबार पेरणी. 2700 लिटरचा आकडा जागतिक सरासरीवरून काढलेला आहे आणि पिकाने शोषलेले पावसाचे पाणीही त्यात धरलेले असते. ते पाणी कोणी नदीतून उपसलेले नाही. त्या वावरात तूर किंवा सोयाबीन असते तरी तो पाऊस तिथेच पडला असता. मध्य आशियात अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी 1960 नंतर कालव्यांनी कपाशीकडे वळवले आणि अरल समुद्र आटत गेला, हे खरे आहे. ती नदी तिकडच्या भिंतीवर अवश्य काढावी. आमच्या भिंतीवर काढली, तर शाळेतले पोर एवढेच शिकते की आपला बाप पाणी नासतो.

आणि ‘गरज असेल तरच घ्या’ हे सांगितले कोणाला? जिच्या पेटीत वर्षाकाठी दोन साड्यांची भर पडते आणि त्यातलीही एक लग्नातल्या आहेराची असते, त्या बाईला! नागपुरातल्या मॉलच्या भिंतीवर हे चित्र का काढले नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

रेघांची वही

मी त्या चमूत नव्हते. परंतु फॅशन इलस्ट्रेशन शिकवते आणि माझे माहेर पुलगावचे आहे, तेव्हा बोलण्याचा थोडाफार अधिकार मलाही असावा. भाऊ, आकड्याविषयीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि मॉलविषयीचेही. पण एक आकडा चुकीच्या भिंतीवर लागला म्हणून सबंध माध्यमाला झोडपण्याची तुमची घाई मला समजत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते 1949 पर्यंत चालले. त्या काळात तिथल्या सरकारने जी पत्रके काढली, त्यांत कोपरावर ठिगळ कसे लावावे, मोज्याला रफू कसा करावा, मोठ्या माणसाच्या कपड्यातून मुलाचा कपडा कसा बेतावा, हे चित्रांनी समजावले होते. हे काम छायाचित्राच्या आवाक्यातले नाही. शिवणीची आतली बाजू, धाग्याचा मार्ग, कापडाचा उभा आणि आडवा ताणा-बाणा हे रेखाटनातच स्पष्ट दाखवता येते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या इटालियन आवृत्तीने जानेवारी 2020 चा अंक एकही फोटोशूट न करता चित्रांवर काढला. संपादकांनी त्याचे कारणही उघडपणे मांडले होते : आधीच्या सप्टेंबरच्या एका अंकासाठी दीडशे माणसे, वीसेक विमानप्रवास आणि साठ आंतरराष्ट्रीय पार्सले लागली होती. वाचलेले पैसे व्हेनिसमधील पुराचा फटका बसलेल्या एका संस्थेच्या दुरुस्तीसाठी देण्यात आले. कागद, ब्रश आणि माणूस यांच्यावर एवढे भागत असेल, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण काय?

निवृत्त कलाशिक्षक, आर्वी

ताई, इतिहास तुम्ही निम्माच सांगितलात. 1947 साली पॅरिसमध्ये डिओर या फॅशन डिझायनरने घेरदार, लांब झग्यांची टूम काढली, तेव्हा लोक अजून रेशनच्या कूपनांवर दिवस काढत होते आणि एकेका झग्यात जाणारे कापड पाहून संतापत होते. त्याच डिओरसाठी रने ग्रुओ या चित्रकाराने काढलेली चित्रे आजही विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवली जातात. दोन-चार फटकाऱ्यांत त्याने जे साधले ते अप्रतिम आहे. पण ते कशासाठी साधले होते? बघणाऱ्याला तो झगा हवासा वाटावा यासाठीच. चित्रकलेच्या मापाने साधारण माणूस स्वतःच्या साडेसात डोक्यांइतका उंच असतो, फॅशनचित्रातला नऊ डोक्यांचा. जिथे शरीरच हाव जागवण्यासाठी ताणले जाते, त्या रेषेच्या तोंडी ‘कमी घ्या’ हे शब्द शोभत नाहीत.

त्या इटालियन अंकाचे म्हणाल, तर पुढे फोटोशूट पुन्हा सुरू झालेच.

जाता जाता एक सांगतो, विषयांतर वाटले तरी चालेल. मी ज्या शाळेतून निवृत्त झालो, तिथे माझ्यानंतर कलाशिक्षक आलेला नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुले हळूहळू संपली. शहरातला चमू येतो, रंगवतो, छायाचित्र काढून जातो. मुलाच्या हाती ब्रश मात्र कोणी देत नाही. कौतुक कशाचे करायचे?

जिनिंगवाला, हिंगणघाट

गुरुजींच्या ब्रशाला माझा नमस्कार; परंतु ज्या कापसावरून हा वाद पेटला आहे, त्याच्या भावाविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, याचे नवल वाटते. भिंतीवर आकडाच लिहायचा असेल तर माझा लिहा. साधारण तीन किलो कापसातून एक किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते. शर्टाला पाव किलो रुई धरली, तर कापूस लागतो पाऊण किलो. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल आहे, म्हणजे शर्टामागे शेतकऱ्याच्या हाती पडतात सुमारे साठ रुपये, आणि त्या साठांत सरकीचीही किंमत आली. तो शर्ट दुकानात हजाराला विकला जातो. उरलेले नऊशे चाळीस कुठे गेले, याचे चित्र काढा की!

त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवण्यात आली, म्हणजे नेमकी आमच्या वेचणीच्या तोंडावर. टिकाऊ कपडा हवा असेल, तर आधी कापूस पिकवणारा टिकला पाहिजे.

रेघांची वही

जिनिंगवाले काका, तुमचा हिशेब पाहून खरोखरच चित्र सुचले : एकच शर्ट, आणि त्याच्या शिवणीगणिक भाग पाडून प्रत्येक भागावर कोणाचा किती वाटा ते लिहिलेले. शेतकऱ्याच्या वाट्याला कॉलरची पट्टीसुद्धा पुरती येणार नाही. पण आयात शुल्क हा चर्चेच्या या धाग्याचा विषय नाही, एवढे नम्रपणे सांगते.

जिनिंगवाला, हिंगणघाट

कापसाच्या धाग्यावर कापसाचा भाव हा विषय नाही! उत्तम.

कोरडवाहू (समुद्रपूर तालुका)

चित्र काढायचेच असेल, तर कोणाचे काढायचे ते मी सांगतो. कापूस वेचायला निघालेली आमच्याकडची बाई पाहा. साडीवर नवऱ्याचा जुना, फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची जुन्या कापडाची ओटी. शर्ट फाटला की त्याची ओटी होते, ओटी विरली की गोधडीचा थर, आणि तिथून पोतेरे. ज्या पुनर्वापरावर शहरात परिसंवाद भरतात, तो इथे रोज सकाळी बांधावरून चालत जातो. नऊ डोक्यांच्या त्या मुलीऐवजी ही बाई रंगवली असती, तर गावाने भिंतीला हार घातला असता.

वणीची सून

इतका वेळ गप्प होते; पण ही हाराची भाषा मला सहन झाली नाही. माझ्या आईने माझ्या वडिलांच्या जुन्या शर्टात वर्षानुवर्षे कापूस वेचला. ती तो शर्ट घालायची, कारण उन्हाने कातडी भाजते, वाळलेल्या बोंडांची टोके हात ओरबाडतात आणि एकुलती एक बरी साडी फाटता कामा नये. कोणी नवा, मापाचा, हलक्या कापडाचा शर्ट दिला असता, तर ‘नको, मी पुनर्वापर करते’ असे ती म्हणाली नसती. तिच्या नाइलाजाला तुम्ही शाश्वतता म्हणणार आणि वरून तो भिंतीवर रंगवणार? त्या चमूने निदान अज्ञानातून चूक केली, दादा. तुम्ही तर सगळे पाहिलेले आहात.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलते. आमच्या आठवडी बाजारात स्वस्त साडी म्हणून जी मिळते ती पॉलिएस्टरची असते, आणि बायका तीच घेतात. त्यात कोणाची जाणीव कमी पडलेली नाही. घरात नेसायच्या दोन-तीनच साड्या असतील, तर रात्री धुतलेली साडी सकाळी वाळलेली लागते. आषाढात सुती साडी दोन-दोन दिवस दमट राहते. तिला खळ लागते, तिचा रंग उतरतो आणि किंमतही जास्त पडते. कापूस पिकवणाऱ्या गावात सूत अंगावर घेणे परवडत नाही, ही खरी अडचण आहे. जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. ते खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. त्या भिंतीवर त्याबद्दल एक शब्द नाही. बदनाम झाला तो कापूस.

कोरडवाहू (समुद्रपूर तालुका)

माझ्या आजीपासून सगळ्या बायका असेच शर्ट घालून वेचायला जात आल्या आहेत आणि मला त्यांचा अभिमानच वाटतो. अभिमान वाटण्यालाही आता परवानगी घ्यावी लागेल, असे दिसते.

वणीची सून

अभिमान खुशाल बाळगा. परंतु हंगामात एक दिवस स्वतः तो शर्ट घालून, ओटी बांधून, किलोच्या दराने कापूस वेचून पाहा आणि मग हाराचे ठरवा.

निवृत्त कलाशिक्षक, आर्वी

दोघांनीही आवाज थोडा खाली घ्यावा. सूनबाईंचा मुद्दा गंभीर आहे. गरिबीचे सुंदर चित्र काढणे ही आम्हा चित्रकारांची जुनी खोड आहे आणि मीही वर्गात ‘खेड्यातील पाणवठा’ हा विषय पुष्कळ वेळा दिला आहे. तरीही ती ओटी किंवा भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी कोणीच रेखाटली नाही, तर ती कशी होती हे पुढे कळणार कसे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

रेघांची वही

सूनबाई, तुमचे पॉलिएस्टरविषयीचे म्हणणे मी माझ्या वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. पण मग चित्रकाराने करायचे तरी काय? कापूस काढला तर बदनामी, वेचणारी बाई काढली तर उदात्तीकरण, शहरातली मुलगी काढली तर हाव. हात बांधून बसावे काय?

वणीची सून

हात बांधू नका, फवारणीचा शर्ट काढा.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मास्क, हातमोजे, चष्मा यांचा प्रचार होतो. ते सगळे चढवून भादव्याच्या दमट उन्हात पाठीवर पंप घेऊन तासभर चालून दाखवा, असे मी प्रत्येक प्रचारकाला म्हणते. शेवटी माणूस जो सगळ्यांत जुना शर्ट आहे तोच घालतो. तो विरलेला असतो, म्हणून औषध लवकर आत झिरपते. घरी आल्यावर तो लेकरांच्या कपड्यांबरोबर एकाच टोपल्यात पडतो आणि बाई तो उघड्या हातांनी धुते. आमच्या घरी हेच चालायचे. दिराला एकदा रात्रभर उलट्या झाल्या आणि दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा तो शर्ट वेगळ्या बादलीत जाऊ लागला.

कापड कोणते, वीण किती घट्ट, बाही कुठपर्यंत, कॉलर बंद की उघडी, थेंब कुठे पडतो, शर्ट कुठे टांगायचा आणि कसा धुवायचा : हे सगळे कपड्याचेच प्रश्न आहेत ना? ‘जुना कपडा शेवटपर्यंत वापरा’ हा उपदेश जिथे घातक ठरतो, ती जागा आधी दाखवा.

रेघांची वही

हे आरोग्यशिक्षण झाले, फॅशन इलस्ट्रेशन नव्हे, असे माझे सहकारी म्हणतील.

कोरडवाहू (समुद्रपूर तालुका)

म्हणू द्या. बाही, कॉलर आणि कापड ही फॅशन नसेल, तर शाळेच्या भिंतीवर तरी फॅशन कशाला हवी होती? बाकी चित्राचा उपयोग होतो हे मी मान्य करतो. चित्रकाराने भिंतीपेक्षा अधिक वेळ वावरात घालवला तर. सूनबाईंनी मला जे सुनावले ते योग्य होते की नाही, यावर मी हंगाम संपल्यावर बोलेन.

जिनिंगवाला, हिंगणघाट

हंगाम संपल्यावर भावावरही बोलू, कोणाची हरकत नसेल तर.

रेघांची वही

ठीक आहे. कच्चे रेखाटन करून येथेच टाकते : पुढची बाजू, मागची बाजू आणि धुण्याची रीत, तिन्ही वेगवेगळी. गुरुजी, रंग मुलांकडून भरून घेण्याचे तुम्ही मनावर घेतलेत, तर ब्रश आणि रंग मी पाठवते. नऊ डोक्यांचा सांगाडा मात्र माझ्या हाताला वळण पडल्यासारखा येतो. तेवढे सांभाळून घ्यावे.

वणीची सून

तेवढेच सांभाळून घेता येणार नाही. पंप पाठीवर घेतलेला माणूस ताठ उभा नसतो, तो पुढे वाकलेला असतो. टाकीचे झाकण गळते तेव्हा औषध मानेखालून पाठीवर उतरते आणि कमरेच्या पट्ट्यापाशी साचते. कपाशी उंच झालेली असेल तर समोरून छाती आणि मांड्याही भिजतात. ताठ, उंच माणसाच्या चित्रात यातले काहीच दिसणार नाही. माप साडेसात डोक्यांचेच घ्या, आणि मागची बाजू आधी काढा.