प्रतिसाद: सांमनस्य सूक्तातील 'प्रपा'
ऋग्वेदातील 'सं गच्छध्वम्' (एकत्र चला) ही ऋचा विश्वबंधुत्वाची म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिला अथर्ववेदातील सांमनस्य सूक्ताची (३.३०), म्हणजे मनांच्या एकोप्यासाठी केलेल्या प्रार्थनेची, जोड द्यावीशी वाटते. नुकत्याच जन्मलेल्या वासरावर गाय जशी माया करते तशी तुम्ही एकमेकांवर करा, असे सांगून हे सूक्त भावाने भावाचा द्वेष करू नये इथवर येते आणि पुढे 'समानी प्रपा सह वोऽन्नभागः' असे म्हणते. प्रपा म्हणजे पाणपोई; तुमची पाणी पिण्याची जागा एक असो आणि अन्नाचा वाटाही एकत्र असो, असा याचा अर्थ. मात्र ही प्रार्थना मुख्यतः घरातल्यांसाठी असल्याने तिला थेट विश्वबंधुत्वाची म्हणणे मला ताणलेले वाटते; तशी, म्हणजे सर्व प्राणिमात्रांकडे मित्राच्या दृष्टीने पाहण्याची इच्छा शुक्ल यजुर्वेदात (३६.१८) आहे, आणि पसायदानातील 'मैत्र जीवाचें' या इच्छेच्या अधिक जवळचे आहे.