लॉन सतरंजीसारखं गुंडाळलं जातंय! सेंद्रिय उपाय हवा आहे

नमस्कार मंडळी,

तळेगावात आमचं रो हाऊस आहे. मागे साधारण पाचशे चौरस फूट मोकळी जागा. मागच्या डिसेंबरात तिथे लॉन लावून घेतलं, 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून मिळतं ते. पाऊसभर इतकं छान होतं की गणपतीत सासूबाईंनी कडेच्या न कापलेल्या पट्ट्यातूनच दूर्वा खुडल्या.

नवरात्र बसेपर्यंत मधोमध ताटाएवढा पिवळा डाग पडला. पाणी कमी पडत असेल म्हणून वाढवलं. आता तोच डाग परातीएवढा झालाय आणि शेजारी आणखी तीन. काल सहज गवत ओढलं तर कडेपासून सोलून हातातच आलं, खाली मुळंच नाहीत. मातीत मळकट पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. फूटभर चौकोनात अकरा मोजल्या. गेले पंधरा दिवस सकाळी साळुंक्या आणि गायबगळे येऊन इथे टोचत बसायचे आणि मी कौतुकाने फोटो काढत होते!

नर्सरीवाले म्हणाले, दाणेदार फोरेट टाका, आठवड्यात साफ. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, ती याच गवतावर लोळते, आणि कुत्रा तर ते खातो. त्यामुळे रासायनिक काही नकोच. या अळ्या हुमणीच्याच का? आता ऑक्टोबरात काही करता येईल की सगळं उपटून नवीन लावावं? आणि मधे मधे लव्हाळा माजलाय, त्याचंही सांगा. जूनमध्ये माळीकाकांनी आठ-दहा पाट्या शेणखत पसरलं होतं, एवढंच खत दिलंय.

प्रतिसाद: उसाचा फड

ताई, आधी फोरेटचं. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ज्या दुकानात अजून मिळतं तिथून दुसरं काहीही घेऊ नका.

अळी हुमणीचीच दिसते, पण खात्री करा. एक अळी फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरपटली तर ती कंपोस्टातली, कुजकं खाणारी. कुशीवर वळून पडून राहिली किंवा पोटावर चालायला बघत असेल तर मुळं खाणारी समजा. तुमच्याकडे मुळंच शिल्लक नाहीत म्हणताय, म्हणजे उत्तर बहुतेक ठरलेलंच.

आमच्याकडे साताऱ्याला उसात हेच दुखणं. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की भुंगेरे, म्हणजे याच अळीचे पूर्ण वाढलेले किडे, दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर बसून पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर अळी मोठी आणि खादाड असते. थंडी पडायला लागली की खोल जाऊन कोष करते. म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत.

डाग पडलेला भाग सोलून काढा, माती चार-पाच इंच उकरा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पाचशे फुटांना दोन संध्याकाळी पुरतात, आम्हाला एकरात हे जमत नाही. उकरलेली जागा सकाळी तासभर उघडी ठेवा, उरलेलं काम साळुंक्या करतील. मग मेटारायझियम ही बुरशी आणा. पुड्यावरचं प्रमाण बघून चाळलेल्या गांडूळखतात कालवा, ऊन उतरल्यावर पसरा आणि पाणी द्या. माती ओली राहिली तरच ती चालते. दोन-तीन आठवडे धीर धरा. मेलेल्या अळीवर आधी पांढरी, मग हिरवट पावडर दिसली की समजा लागू पडलं.

आणि ते शेणखत. वास येत होता का?

प्रतिसाद: गूळपोळी

मला तर गंमत वाटली. शेतातली हरळी खणता खणता आमच्या आजोबांची कंबर गेली, आणि शहरात तीच हरळी लोक पैसे देऊन लावतात. :) पण म्हणूनच उपटू नका. जिवंत धुमारे कडेने आत धावतात. मोकळ्या जागी बोटभर माती-गांडूळखत घाला आणि कडेचे तुकडे टोचा, दीड-दोन महिन्यांत भरेल. ऊन मात्र सहा तास हवं, सावलीत हरळी रुसते.

कापता किती? बरेच माळी पार टक्कल करतात. दीड-दोन इंच ठेवा. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी सकाळी भरपूर पाणी द्या, मुळं खाली जातात.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. अळी फरशीवर ठेवली, कुशीवर पडून राहिली. दोन संध्याकाळी मिळून एकशे चाळीस वेचल्या, सासूबाईंनी मोजल्या. आणि हो, शेणखताला वास येत होता, ओलंही होतं. माळीकाकांना विचारलं तर म्हणाले, "ताजं जास्त जोमदार असतं." भुंगेरेही आठवले. जूनमध्ये मागच्या दिव्याखाली रोज सकाळी मेलेले पडायचे, मी झाडून टाकत होते.

लव्हाळ्याचं मात्र कुणीच बोललं नाही!

प्रतिसाद: उसाचा फड

बोललो नाही कारण उत्तर आवडणार नाही. वरून उपटला की खालची गाठ तशीच राहते आणि एकाचे तीन येतात. पाऊस झाल्यावर खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा, दर आठवड्याला, दोन वर्षं. गाठी बहुतेक लॉनसाठी आणलेल्या लाल मातीतूनच आल्या असणार, आता नवी माती टाकाल ती आधी चाळून घ्या.

ताज्या, ओल्या शेणखताकडे भुंगेरे अंडी घालायला येतात, म्हणून विचारलं होतं. पुढच्या वर्षी शेणखत काळं, भुसभुशीत, बिनवासाचं झालेलंच घ्या आणि त्यात निंबोळी पेंड मिसळा. वळीव झाला की त्याच दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, साडेसात ते नऊ. तुमच्या आवारात किंवा शेजारी कडुलिंब आहे का?

प्रतिसाद: धागाकर्ती

आहे. कुंपणाला लागूनच, शेजाऱ्यांचा. फांद्या हलवून भुंगेरे पाडायला त्यांची परवानगी कशी मागायची, त्याचा वेगळा धागा काढते.