मदत हवी आहे: महायुद्धाच्या जुन्या पाटीशेजारी क्यूआर कोड बसवायचा आहे

शिळाप्रेमी:
सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत इंग्रजांच्या काळची संगमरवरी पाटी आहे. १९१४-१९१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि त्यातले ६ जण परतले नाहीत, एवढाच इंग्रजी मजकूर. नावं नाहीत. शेजारी क्यूआर कोड लावून त्या सहांची माहिती मोबाइलवर मराठीत दिसावी, असं ग्रामपंचायतीनं ठरवलंय. कोड काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्यायचा विचार आहे. नावं कुठे शोधायची? ऑनलाइन फुकट बनवून मिळणारा कोड चालेल का? शाळेजवळ रेंज जेमतेम एक-दोन कांड्या येते. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

नोंदवही:
कोड दोन मिनिटांत होतो, नावांना महिना लागेल. तिथूनच सुरुवात करा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांचा शोध फुकट करता येतो. तिथे भारतीय सैन्य आणि पहिलं महायुद्ध निवडा. आडनावानं शोधू नका. नाव-आडनाव कधी वेगळं, कधी एकाच चौकटीत असतं, आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं पडलं तसं. पवारचा पोवार होतो. 'जादा माहिती'च्या चौकटीत वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तिथे आधी तालुका टाका, यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि गावाचं नाव डोळ्यांनी शोधा. शंभर वर्षांत तालुक्यांच्या हद्दी बदलल्यात, म्हणून शेजारचे तालुकेही बघा.

फक्त मराठा पलटणी चाळून थांबू नका. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या, तिथल्या कुत गावच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. त्यामुळे साताऱ्याकडची बरीच नावं बसरा स्मारकाखाली सापडतात. पण १११ वी महार पलटण, खडकीचे सॅपर्स (लष्कराचे बांधकामवाले), खेचरवाले, हमालांच्या तुकड्या यांतही गावची माणसं होती, आणि ती हमखास सुटतात. फ्रान्समध्ये पडलेले न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर पाहा.

चौकट२९:
फुकटच्या कोडमध्ये एक सापळा आहे. 'डायनॅमिक' कोड आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर नेतो आणि तिथून तुमच्या पानावर. चाचणीची मुदत संपली की दगडावरचा कोड मेला. 'स्टॅटिक'च घ्या, त्यात तुमच्या पानाचा पत्ता थेट असतो. तो पत्ता मात्र स्वतःच्या डोमेनचा (विकत घेतलेल्या संकेतस्थळाच्या नावाचा) हवा, म्हणजे उद्या होस्टिंग बदललं तरी कोड तोच राहतो. डोमेन कुणा उत्साही पोराच्या ईमेलवर घेऊ नका. ग्रामपंचायतीच्या ईमेलवर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख ग्रामसेवकाच्या दप्तरात लिहून ठेवा.

पत्ता जितका छोटा तितके कोडमधले चौकोन मोठे. त्यात देवनागरी नको, कारण प्रत्येक अक्षरचिन्हाची (काना, मोडलेला पायही धरून) नऊ इंग्रजी अक्षरं होतात. नुसतं 'स्मारक' ५४ अक्षरं खातं! सगळा पत्ता इंग्रजी कॅपिटलमध्ये दिलात तर ३५ अक्षरांपर्यंत २९×२९ चा कोड पुरतो, तोही 'एच' पातळीच्या दुरुस्तीसह, म्हणजे साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. डोमेनला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेपुढच्या भागाला पडतो. तिथे सरळ आकडा ठेवा.

एक चौकोन २ मिमी धरा. कोड ५८ मिमी होतो, चारही बाजूंनी चार-चार चौकोनांची कोरी जागा धरून ७४ मिमी. अंदाजे अर्ध्या मीटरवरून आरामात वाचला जातो. पान १०० केबीच्या आत ठेवा. फोटो एकच, व्हिडिओ नको, म्हणजे एका कांडीवरही उघडेल.

टाकीचे घाव:
काळ्या ग्रॅनाइटवर कोड कोरला की कोरलेला भाग पांढुरका दिसतो. पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरा कोड होतो आणि बरेच जुने फोन तो वाचतच नाहीत. कारागिराला उलट सांगा: कोऱ्या जागेसह पार्श्वभूमी सँडब्लास्ट करायची (वाळूच्या माऱ्यानं खरवडायची), चौकोन पॉलिश काळे ठेवायचे. खाचांत ऑइलपेंट भरू नका, पोपडे निघतात. व्हिनाइल स्टिकर तर विसराच, उन्हानं पांढरा पडतो. चकचकीत स्टीलवर दुपारी फोनला नुसती तिरीप दिसते.

संगमरवराला भोक पाडू नका, काही चिकटवूही नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चुनखडी दगड खातं. वेगळा खांब रोवा आणि कोड थोडा तिरका, पोराच्या छातीच्या उंचीवर ठेवा. हार, गुलाल, कुंकू सगळं जुन्या पाटीवर पडणार, कोड त्यापासून हातभर लांब बरा. आणि २६ जानेवारीच्या आधी रंगाऱ्याला बजावून ठेवा, तो खांबासकट सगळं रंगवून मोकळा होतो.

चौकट२९:
कोडखाली पत्ता अक्षरांतही कोरा. कुणी वरून पैसे मागणाऱ्या कोडचा स्टिकर चिकटवला तर लगेच लक्षात येईल. कोरण्याआधी कागदावर त्याच मापाची प्रिंट काढून गावातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर तपासा. दगड झाल्यावर पुन्हा भर उन्हात, तिन्हीसांजेला आणि पाणी मारून.

शिळाप्रेमी:
ग्रॅनाइटवाल्याला आजच थांबवतो. तालुका टाकून आमच्या गावची ४ नावं सापडली, तीन बसऱ्याला. पाटीवर तर ६ आहेत. आता?

नोंदवही:
दगडावर एकही नाव कोरू नका, सगळी पानावर ठेवा. तिथे लिहा: पाटीवर ६, नोंदीत ४, दोघांचा शोध चालू. पाटी १९१९ ला थांबते, तर कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं. म्हणून तुमच्या चौघांच्या तारखा आधी तपासा. त्यातला एखादा १९२० चा निघाला तर तो पाटीवरच्या सहांत नसणार, आणि शोधायचे दोन नाही, तीन होतील.